कमीत कमी

फोन आधी प्रफुलला गेला, पुण्याला,
मग मला.
"तुम्ही देवमन ठमके यांच्या कन्या ना?"
कन्या हा शब्द माझ्या लग्नपत्रिकेनंतर
पहिल्यांदाच कोणी वापरला.
आवाज पोरसवदा, भलताच नम्र.
मी ओळखते हा नम्रपणा.
महिला पतसंस्थेच्या काउंटरवर बसून
सोळा वर्षं मीच तो वापरते.

एक लाख त्र्याऐंशी हजार चारशे साठ.

शनिवारी आर्णीहून एसटीनं गेले.
बाबा ओसरीत, मालिशच्या खुर्चीत.
खुर्ची बंद. लाइन नव्हती.
जन्मभर दुसऱ्यांच्या घरी उजेड जोडलेला माणूस
बंद खुर्चीत ताठ बसलेला,
पायाशी एक कोंबडी.

"कार्ड कोणी दिलं?"
"दारव्ह्याच्या ब्यांकेत टेबल लावून बसलं होतं पोरगं.
बाबूजी म्हणे मले.
बत्तीस वर्षं खांबावर चढलो, बोर्डानं सिनिअर केलं नाई,
यानं दोन सह्यांत प्लॅटिनम केलं."

"आणि पैसे?"
"भरतो ना, दर महिन्याले.
त्यायनंच लिहून देल्लं, कमीत कमी एवढे भरा.
मंग कमीत कमीच भरतो.
जास्तीचे कायले भरू?"

मला हसू आलं, अर्ध्यात अडकलं.
रविवारी चार मिनिटांचा फोन,
दिवाळीला पँटपीस,
बाकी पुढच्या महिन्यावर.
आम्ही दोघं तरी वेगळं काय भरत होतो?

प्रफुल म्हणाला, वकिलाला विचारलं.
पोरांवर येत नाही हे.
ते गेल्यावर फार तर त्यांच्या नावावरचं जे असेल त्यातून.
नावावर काय आहे, बघ.
मी बघितलं.
दोन खोल्या, टिनं, सायकल. खुर्ची.
बाबांचे कान गेलेत हे आम्हीच ठरवलेलं.
"मेल्यावर मिटते म्हणे भानगड," ते म्हणाले,
लाइन किती वाजता येईल
ते सांगावं तसं.

"काय काय घेतलंय, वाच तरी."
मी वाचत गेले.
गुडघ्याचे पट्टे, जोडी.
बॅटऱ्या सात
(गल्लीत वाटल्या, पावसाळ्यात अंधार असते).
खुर्ची.
यवतमाळचा डोळ्यांचा दवाखाना.
कोणाचे डोळे? बाबांचे तर मागेच झाले.
व्याज. दंड. त्या दंडावर व्याज.
आणि खाली, दिग्रसचा सराफ,
अकरा हजार दोनशे.

आई जाऊन सहा वर्षं झाली.

तेवढ्यात दारात पंचफुलाबाई,
हातात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी,
डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा.
"आली काय माय," म्हणाली,
आणि पदर कानावर ओढून घेतला,
जरा उशिरा.
बाबा टिनाकडे पाहत राहिले,
तिथं एखादी तार लोंबत असल्यासारखे.

मी त्या ओळीवर अंगठा ठेवला.
"पुढं?" प्रफुल म्हणाला.
"औषधं," मी म्हटलं. "अकरा हजार दोनशे."
सोळा वर्षांत काउंटरवर माझी
दहा पैशांची तफावत नाही.

कार्ड बाबांनीच कापलं,
लाल मुठीच्या जुन्या पकडीनं.
सवयीनं आधी विचारलं, "लाइन बंद हाये ना?"
नंबराचा तुकडा मला दिला.
नावाचा खिशात ठेवला, बोर्डाच्या ओळखपत्राजवळ.

महिन्याला चार हजार माझे.
प्रफुलला विचारायचंय.
देणं लागत नाही हे दोघांनाही माहीत आहे,
म्हणून विचारणं अवघड.

सोमवारी टेबलावर थकबाकीची यादी होती.
पहिला नंबर लावला.
"तुम्ही त्यांचे चिरंजीव ना," मी म्हणाले,
माझ्या त्याच आवाजात,
आणि पुढचं वाक्य येईना.
पलीकडून हॅलो, हॅलो.
मागं कुठं तरी कोंबडी ओरडत होती.